चाळीस हजारांपुरता सूड

३ फेब्रुवारी

आज कंपनीचे शेवटचे पैसे खात्यात आले. बावीस वर्षांच्या नोकरीचं जे काही निघालं ते आणि माझी शिल्लक मिळून चार लाख. मी एकटी, घर स्वतःचं, खर्च बेताचा. धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, सहा महिने पैशांना हात लावू नकोस. आधी डोकं थंड होऊ दे." धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याला काय सांगू, डोकं थंडच आहे. भीती वाटावी इतकं थंड.

ही वही त्यासाठीच आणली. प्रयोगशाळेत एक गोष्ट अंगात मुरली आहे, जे केलं ते त्याच दिवशी लिहायचं, मागाहून आठवून नाही.

तर लिहिते. आमची कंपनी डोळ्यांत घालायचे थेंब बनवते. प्रत्येक बॅचमध्ये जंतू आहेत का हे पाहायचं काम माझ्याकडे. वर साहेब. त्याला आम्ही मागे गुळगुळे म्हणायचो, कारण त्याची हनुवटी, त्याचे बूट आणि त्याचं बोलणं. नोव्हेंबरात तपासणीवाले आले आणि त्यांना दोन पानं सापडली, ज्यांवर खाली माझी सही होती आणि वर एकही आकडा नव्हता. "आगाऊ सह्या करून ठेवा, काम अडायला नको," हे गुळगुळेनेच सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही यांची वैयक्तिक चूक. कंपनीचा संबंध नाही." हाताखालच्या दोन पोरींसमोर माझं ओळखपत्र काढून घेतलं. त्यातली एक रडली. मी रडले नाही.

त्याचा पगार बरा आहे, पण त्याचं खरं सगळं कंपनीच्या शेअरांत आहे. बंगला त्यावर, मुलाचं परदेशातलं शिक्षण त्यावर. रोज जेवणाच्या सुट्टीत भाव बघून तो घास घ्यायचा.

तो भाव मला खाली आलेला बघायचा आहे. आणि तो येईल तेव्हा त्यातून मला पैसे मिळायला हवेत. दोन्ही.

६ फेब्रुवारी

धाकट्याकडे गेले. तो सात वर्षं शेअर दलालाच्या ऑफिसात होता. तिथे स्वतःच ऑप्शनच्या नादी लागला आणि राहता फ्लॅट घालवून बसला. आता लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. म्हणतो, हा दुसरा ब्रेक बाजारात असता तर मी आज फ्लॅटमध्ये असतो.

मी म्हटलं, मला आमच्या कंपनीचे पुट घ्यायचेत. आधी तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"तुला आतलं काही माहीत आहे का?"

"राग आहे, बाकी काही नाही," मी म्हटलं.

त्याने कागद ओढला आणि शाळेतल्या मास्तरासारखं समजावलं. पुट हा ऑप्शनचाच एक प्रकार, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क, ठरलेल्या तारखेपर्यंतचा. आज भाव ६४०. मी ५८०चा पुट घेतला आणि भाव ५०० झाला, तर मधले ८० माझे. भाव ५८०च्या वरच राहिला तर हक्क कागदाच्या बोळ्याइतक्या किमतीचा, आणि त्यासाठी दिलेले पैसे गेले. थोडे नाही, सगळे.

"म्हणून किती मिळतील हे विचारायचंच नाही," तो म्हणाला. "सगळे गेले तर चालतील असे किती, हे आधी ठरवायचं. चार लाखांचे दहा टक्के, चाळीस हजार. हे गेले असं आजच समज. तेही एकदम नाही. एका वेळी दहा हजारांच्या आत."

"दहा हजारांत काय होणार?"

"काहीच नाही. त्याचसाठी आहेत ते. ताई, तू बरोबर असशील, पण तारीख चुकेल. तारीख चुकली तरी पुढच्या महिन्यात खेळायला पैसे उरले पाहिजेत."

माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. सह्या घेण्याची हौस सगळ्यांना आहे.

१० फेब्रुवारी

पहिला लॉट घेतला. ५८०चा पुट, मार्चअखेरचा. एका शेअरमागे १८, लॉट पाचशे शेअरांचा, म्हणजे ९,०००. बटण दाबताना हात स्थिर होता. पलीकडे कोणीतरी तो मला विकला. तो गुळगुळेच आहे असं समजून मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले.

२७ फेब्रुवारी

धाकट्याला जे सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवते.

थेंबांचा नमुना चौदा दिवस इन्क्युबेटरमध्ये उबेत ठेवायचा असतो. जंतू असतील तर तेवढ्यात वाढतात, द्रव गढूळ होतो. गेल्या नव्हे, त्याआधीच्या सप्टेंबरात आमचा मोठा इन्क्युबेटर बंद पडला. नवा मागवला, तो आला नाही. गुळगुळे म्हणाला, माल अडून चालणार नाही, बाकी सगळं नीट असताना जंतू येतात कुठून, "स्वच्छ" असं लिहा. एकदा लिहिलं. मग ती रीतच झाली. तारखा, तापमान, सगळं मनाने.

मी त्या पानांचे फोटो काढून ठेवले आहेत. त्रेचाळीस. त्यातल्या प्रत्येक पानावर गुळगुळेची मंजुरीची सही आहे. तपासणाऱ्याच्या रकान्यात कोणाची तरी सही लागते, तिथे माझी आहे. तो नियमच आहे.

हे फोटो योग्य वेळी बाहेर काढायचे. योग्य वेळ म्हणजे माझे लॉट घेऊन झाल्यावर. आज तक्रार केली तर एका लॉटवर काय मिळणार.

२८ मार्च

भाव ६७१. माझा पुट शून्य. नऊ हजार गेले. धाकट्याने विचारलं, "झोप लागली ना?" लागली. तो म्हणाला, मग आकार बरोबर होता.

३ एप्रिल

तीन लॉट घ्यायचे म्हटलं. धाकटा नाही म्हणाला. वाद घातला. तो म्हणाला, "हरल्यावर पुढचा डाव मोठा करायचा, हे मी तीन वर्षं केलं. त्याचा शेवट तू बघितला आहेस. माझं सामान तुझ्याच गॅलरीत होतं." एकच लॉट घेतला. ६००चा पुट, एप्रिलअखेरचा, ९,५००. एकूण १८,५०० झाले. उरले २१,५००.

ऑप्शनचा भाव शेअर हलला नाही तरी रोज थोडा कमी होतो. दिवस सरतात त्याचे पैसे. मला हे पटतं. माझेही दिवस तसेच सरताहेत, फक्त ते कोणी मोजत नाही.

२८ एप्रिल

दुसराही गेला. भाव आज सातशेला टेकला. कंपनीने नवा कारखाना जाहीर केला. फोटोत गुळगुळे दुसऱ्या रांगेत, हसतोय.

१५ मे

बँकेत रांगेत उभी होते. मागून अत्तराचा वास आला आणि मी वळायच्या आधीच ओळखलं. गुळगुळे. नवा कोट, हातात गाडीची किल्ली. मी नजर चुकवेन असं त्याला वाटलं असावं. चुकवली नाही.

"अरे, तुम्ही. काय करता हल्ली?"

"घरीच आहे."

"मिळेल हो काहीतरी. तुमच्यासारख्या अनुभवी बाईंना काय कमी आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तेव्हा तुम्हाला सांभाळून घेतलं मी. पोलिसांपर्यंत जाऊ दिलं नाही. लक्षात असू द्या."

सांभाळून घेतलं म्हणे.

घरी येऊन पाय धुतले, चहा केला, तो न पिता ओतून दिला. मग खातं उघडलं. ६२०चा पुट, जूनअखेरचा, भाव १६. एक लॉट आठ हजारांचा. उरलेल्या पैशांत दोन बसत होते, धाकट्याच्या नियमाने एकच.

बारा घेतले. शहाण्णव हजार.

धाकट्याला सांगितलेलं नाही. चार लाखांचे दहा टक्के हे त्याच्या भीतीचं माप आहे, ती त्याच्या फ्लॅटमधून आली आहे. माझी गोष्ट वेगळी. त्याला भाव कुठे जाईल हे माहीत नव्हतं. मला माहीत आहे, कारण भाव पाडणारी वस्तू माझ्या फोनमध्ये आहे. पंधरा जूनला तक्रार द्यायची. तीस जूनच्या आत बातमी फुटते. बसतं सगळं.

१६ मे

झोप लागली नाही. हा आनंद असावा.

२९ मे

खालच्या मजल्यावरच्या मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मावशी नात्याच्या नव्हेत, पण माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचा कोट त्यांनीच शिवला होता. अजूनही मशीनवर बसतात, पँटी आखूड करणं, चेन बदलणं. मूलबाळ नाही. डोळ्याला पट्टी बांधून खुर्चीत बसल्या होत्या आणि कुरकुर एवढीच, की आठ दिवस सुईत दोरा ओवायचा नाही.

"अगं, थेंब घालायचेत दिवसातून चारदा. माझा हात हलतो. तू घालशील का?"

घालीन म्हटलं. पट्टी परवा निघणार.

३१ मे

पट्टी निघाली. मावशींनी खिडकीतून बाटली काढून दिली. आमची. निळं झाकण. बॅच क्रमांक वाचला. तो मला पाठ आहे, एकोणिसाव्या फोटोतला.

मावशी मान मागे टाकून वाट बघत होत्या. डोळा लाल, भाबडा, उघडा. म्हणाल्या, "तुझ्या कंपनीचं आहे म्हणून निर्धास्त आहे बघ. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या वरच्या मजल्यावरची तपासते हे."

मी बाटली हातातून पाडली. काच नव्हती, फुटली नाही, म्हणून उचलताना झाकण काढून मोरीत ओतली. म्हटलं, सांडली मावशी, थांबा, दुसरी आणते. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून दुसऱ्या कंपनीचे तेच थेंब आणले, माझ्या पैशांनी. घातले. म्हणाल्या, "तुझा हात हलका आहे."

मावशींचा प्रश्न मिटला. पंधरा दिवस राहिले.

५ जून

भाव ७१५. माझे बारा लॉट १६ वरून ६ वर आले. धाकट्याने सहज विचारलं, जूनमध्ये काही घेतलंस का. नाही म्हटलं.

मावशींचा डोळा छान उघडतोय. रोज चार वेळा जाते. त्या बोलत असतात, मी थेंब मोजते.

९ जून

मावशी पुन्हा दाखवायला दवाखान्यात जाऊन आल्या. जिना चढताना माझा हात धरला तेव्हा कळलं, रडून आल्या आहेत.

"माझ्याबरोबर अकरा जणी होत्या गं त्या दिवशी. सगळ्यांना एकाच खोक्यातून बाटल्या दिल्या. त्यातली एक, तरुण आहे, शाळेच्या बसवर मुलांना चढवते-उतरवते. तिच्या डोळ्यात पू झाला. आज काढला डोळा. अजून दोघींचं खरं नाही म्हणतात."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात?

"म्हणतात, तिने हात धुतले नसतील." मावशी खुर्चीत बसल्या. "आणि मला काहीच झालं नाही. माझी बाटली तू सांडलीस म्हणून." त्या हसल्या. "देव आहेस बाई तू."

मी वर आले. दार लावून दाराशीच बसले.

मी एकीची बाटली बदलली. त्याच बॅचच्या बाकीच्या बाटल्यांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता असं लिहिणार होते. पण हे त्याच दिवशी लिहायचं ठरलं आहे, म्हणून खरं लिहिते. आला होता. ३१ तारखेला दुकानातून परत येताना आला होता. तेव्हा मी मनात म्हटलं, फक्त पंधरा दिवस.

१० जून

शनिवार, धाकटा मला गाडी शिकवायला येतो. मी चालवत होते, तो शेजारी. रिकाम्या मैदानामागच्या रस्त्यावर सगळं सांगितलं. इन्क्युबेटर, फोटो, बारा लॉट, मावशी, ती बसवरची बाई. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच म्हणाला, गिअर.

शेवटी मी म्हटलं, "सोमवारी तक्रार देते. पण लॉट ठेवते. दोन आठवड्यांत बातमी आली तर गुळगुळे खलास होतो आणि माझं..."

त्याने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. मागची गाडी हॉर्न वाजवत बाजूने गेली.

"फेब्रुवारीत मी विचारलं होतं, काही माहीत आहे का. तू राग म्हणालीस."

"रागही होता."

"ताई, हे सांगितलं असतंस तर मी तुला एक लॉट घेऊ दिला नसता. मी तुला किती गमवायचं याचं माप शिकवत बसलो, आणि तू लोकांचे डोळे लावून बसली होतीस." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "आता तू पैसे कमावलेस, तर तुझ्या त्रेचाळीस फोटोंना कोण विचारील? तोच साहेब उभा राहील आणि म्हणेल, बाईने कागद बनवले, भाव पाडला, पैसे केले. आणि सुटेल."

हे मला लागलं. बाकीचंही लागायला हवं होतं, पण आधी हेच लागलं. गुळगुळे सुटेल.

"विकलं की झालं?"

"झालं नाही. घेतलं होतंस ते घेतलंच होतंस. खात्याचा उतारा फोटोंबरोबर ने आणि स्वतः सांग. आणि सोमवारी नाही. औषध तपासणी कार्यालयात शनिवारी पण कोणीतरी बसतं."

बाजार मात्र आज बंद. मग आधी तक्रार, विक्री सोमवारी.

त्याच कपड्यांत गेलो. टेबलामागे चष्मा लावलेली अधिकारी बाई, एकटीच, पंखा बंद. तिने फोटो एकेक करून मोठे केले. सातव्या फोटोवर थांबली.

"मंजुरीची सही यांची. आणि ही तपासणाऱ्याची सही कोणाची?"

"माझी."

"चाचणी झाली होती?"

"नाही."

तिने पेन खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. उतारा दिला तेव्हा माझ्याकडे तिने जसं बघितलं, तसं बँकेत गुळगुळेनेही बघितलं नव्हतं. निघताना मी विचारलं, दवाखान्यांना कधी कळवणार? ती फोन कानाला लावत म्हणाली, "आत्ता."

१२ जून

बाराही लॉट ४ च्या भावाने विकले. शहाण्णव हजारांचे चोवीस आले. आधीचे धरून साडेनव्वद हजार गेले. धाकटा शेजारी बसून होता. बटण दाबायच्या आधी मी आकडा तीनदा तपासला, ते त्याने बघितलं आणि खिडकीकडे वळला.

२१ जून

बंदी आली. आमच्या कंपनीचे थेंब सगळीकडून परत बोलावले. पहिल्या दिवशी भाव ५४०. दुसऱ्या दिवशी ३८०.

हिशेब मला येतो. ६२० उणे ३८०, गुणिले पाचशे, गुणिले बारा. चौदा लाख चाळीस हजार. मी तो आकडा कागदावर लिहिला आणि जेवले नाही. लाज वाटायला हवी होती. हळहळ वाटली.

मग गुळगुळेचा विचार केला. आज तो जेवणाच्या सुट्टीत भाव बघत असेल. तेवढ्याने दोन घास गेले.

२७ जून

गुळगुळेला अटक. पेपरात पहिल्या पानावर, हनुवटी खाली घातलेला फोटो. धाकट्याने पेपर आणून दिला, पण लगेच निघेना. "सगळं वाच," म्हणाला.

वाचलं. अटक दोन गोष्टींसाठी आहे. एक, खोट्या नोंदी. दुसरी अशी की त्याने एप्रिल-मेमध्ये, भाव सातशेच्या आसपास असताना, आपले जवळपास सगळे शेअर विकून टाकले होते. माल खराब आहे हे माहीत असताना. बँकेत भेटला तेव्हाही बहुतेक तेच पैसे काढायला आला असेल.

म्हणजे मी जो भाव पाडायला बसले होते, त्यात तो नव्हताच. तो कधीच बाहेर पडला होता. त्याच दिवसांत तो विकत होता आणि मी पुट घेत होते. आम्हा दोघांना एकच गोष्ट माहीत होती आणि दोघांनी तिचं एकच केलं.

धाकट्याला म्हटलं, मलाही नेतील का?

"बोलावतील. तू स्वतः गेलीस, हे धरतील. किती धरतील माहीत नाही."

१ जुलै

मावशींना सांगितलं. त्या पँटीची शिलाई उसवत होत्या. उसवत राहिल्या. शिलाई पूर्ण निघाल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून थेंब मी घालीन माझे."

३ जुलै

त्या बसवरच्या बाईचा पत्ता दवाखान्यात कोणी दिला नाही. पण ती दर सोमवारी पट्टी बदलायला येते एवढं कळलं. तिथल्या बाकावर जाऊन बसले. साडेदहाला आली, बहिणीचा हात धरून. तिशीची असेल. दुसरा डोळा फार स्वच्छ, तपकिरी.

मी उठून उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, मी त्या कंपनीत होते, थेंबांच्या कागदांवर माझी सही आहे, तक्रारही मीच दिली.

तिने "तक्रार" हा शब्द ऐकला, माझे हात धरायला पुढे आली, आणि मध्येच थांबली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पावणेदोन वर्षं."

बहीण म्हणाली, चल, नंबर लागेल. ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते ओळखायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. थंड होत जातं ते. मी तिथून पळाले नाही, आणि खरं सांगायचं तर ते तिच्या चेहऱ्यावर आलं याचं मला बरं वाटलं. ती रडली असती तर मला घरी जाता आलं नसतं.

तिने बहिणीच्या पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला, उलटा केला आणि पेन माझ्यासमोर धरलं.

"तुमचं पूर्ण नाव लिहा. आणि राहता कुठे ते."

मी बाकावर कागद ठेवून लिहिलं. पत्ता, मजला, फोन नंबर. तिने कागद डोळ्याजवळ नेऊन एकेक अक्षर वाचलं. एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा एक आहे का सात?"

"सात," मी म्हटलं, आणि पेन पुन्हा मागून घेऊन तो नीट काढून दिला.